गिरणीचा दमा आणि 'आधार' नावाची गोष्ट

फुप्फुसाच्या जुनाट आजारात रुग्णाला माणसांचा आधार असेल तर तो बरा जगतो, असे आता सगळेच सांगतात. खरेच आहे. पण मुंबईच्या गिरणगावात हा आधार कोणाला मिळत होता, हे कोणी विचारत नाही. तिथला आधार जातीच्या वाटेने यायचा.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुरुवातीला सुट्टीनंतर कामावर गेले की त्या दिवशी छाती आवळते, म्हणून जगभर त्याला 'सोमवारचा ताप' असेही नाव पडले. वर्षे गेली की सोमवार आणि गुरुवार सारखेच होतात. धूळ सर्वांत जास्त ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये, त्याखालोखाल सूतकताईत. विणकाम खात्यात तुलनेने कमी.

आणि नेमके त्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता! धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्यामुळे विटाळ होईल असे सवर्ण कामगार म्हणत. पगार तिथेच चांगला. आमची माणसे रिंग खात्यात. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला, आमच्या मागणीला यादीत जागा द्या म्हणाले. अन्याय कामगारच करत होते, म्हणून मालकांना हात झटकणे सोपे गेले. इतिहासकार याला रोजगाराचा प्रश्न म्हणतात. माझ्या मते तो फुप्फुसांचाही होता.

आता आधाराकडे या. गिरणी कामगार आजारी पडला तर गाववाल्यांची खोली, खानावळवाली बाई, जॉबरची ओळख, आणि शेवटी गाव. खोल्या आणि खानावळी जातीजातीच्या होत्या. नोकरी देणारा जॉबर आपल्याच नात्यातली माणसे भरायचा. दम लागलेला मराठा कामगार कोकणात घरी जायचा. महार कामगार कुठे जाणार? महारवाड्यात, जिथे वतनाची राबणूक वाट पाहत होती. ते वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात विधेयक आणले तेही 1928 सालीच. हा योगायोग मला वाटत नाही.

म्हणूनच त्यांनी आधार दयेवर सोडला नाही. 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात प्रा. अडारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करायला सांगितले गेले, अहवाल 1944 मध्ये आला, आणि 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा त्यावर उभा राहिला. जात न विचारता मिळणारे औषध आणि आजारपणाचा भत्ता. माझ्या वाचनात आलेल्या 'सोशल सपोर्ट'च्या एकाही प्रश्नावलीत याचा रकाना नाही. तिथे विचारतात, 'तुमच्याशी मनमोकळे बोलणारे कोणी आहे का?'

एक खोट मात्र राहिली. विमा नोकरीला बांधलेला होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि कित्येकांची नोकरी परत आलीच नाही. नोकरीबरोबर कार्ड गेले, खोकला राहिला. नुकसानभरपाईच्या कायद्यात बिसिनोसिसचे नाव आहे. पण कोणत्या खात्यात किती वर्षे, याचा कागद बदली कामगाराने कुठून आणायचा? त्याला 'बिडी ओढतोस म्हणून' एवढेच ऐकावे लागले. पुढची वीस वर्षे त्याला उशीला टेकवून बसवणारी, पाणी तापवणारी, चार घरची धुणीभांडी करून इनहेलर आणणारी बायको कोणत्याच कायद्याच्या यादीत नव्हती.