लाल किल्ल्यातील दोन प्रसंग

1945 हे साल दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या इतिहासात मोठे विलक्षण म्हणावे लागेल. त्या वर्षाच्या आरंभी व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी तेथे एका समारंभात कोकणातल्या एका तरुण विधवेच्या हाती व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक दिले. त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला त्याच किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल व गुरुबक्षसिंग धिल्लन या तिघा अधिकाऱ्यांवर लष्करी न्यायालयापुढे खटला सुरू झाला. आपल्यापैकी बहुतेकांना दुसरा प्रसंग तोंडपाठ असतो. पहिल्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही, आणि म्हणूनच आज त्याच्यापासून आरंभ करावयाचा आहे.

ती विधवा नाईक यशवंत घाडगे यांची. घाडगे हे कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते एका तुकडीचे नायक होते. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे सोडून बाकीचे सारे ठार वा जखमी झाले. मागे कोणी उरले नाही हे दिसत असताही हा गडी एकटाच त्या मोर्च्यावर धावून गेला. हातगोळा फेकून त्याने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. आणि काडतुसांची पेटी बदलण्यास सवड नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याच्या तडाख्यांनी लोळविले. नंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपले. जिंकलेल्या त्याच मोर्च्यात त्याने प्राण सोडला. वय बावीस. त्याचे थडगे कोठेही नाही. कॅसिनो येथील स्मारकावर नाव आहे.

आता प्रश्न असा येतो, की हा मनुष्य लढला कोणासाठी? 8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईस गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला होता. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. इंग्रजाचा गणवेश अंगावर घालणे हे अनेक देशभक्तांना त्या काळी लाजिरवाणे वाटे, आणि त्यांना दोष देता येणार नाही. परंतु त्याच सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान कामी आले. माणदेश-खटावची कोरडी जमीन असो की कोकणातली वीतभर भातखाचरे असोत, घरातला एक मुलगा पलटणीत आणि त्याची मनिऑर्डर घरात, हा संसाराचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लक्ष हिंदी लोक सैन्यात होते आणि त्यांच्यापैकी एकावरही सक्तीच्या भरतीचा कायदा लागू नव्हता, असे सरकार अभिमानाने सांगे. पोटाची सक्ती सरकारी कागदावर येत नाही, एवढेच!

सरकारने तरी मान दिला तो निर्हेतुक नव्हता. गावोगाव ज्या संगमरवरी पाट्या बसल्या, त्यांवर किती माणसे गेली आणि किती परतली नाहीत हे आकडे आहेत. पुष्कळदा नावे नाहीत. ती पाटी पुढच्या भरतीसाठीही होती. इंग्रजाने शिपायाचा गौरव केला तो आपल्या राजकारणासाठी, आणि आपण त्याला विसरलो तेही आपल्या राजकारणासाठी. माझ्या मते दोन्हींकडे मनुष्य हिशेबातून सुटला.

लाल किल्ल्यातल्या तिघांकडे वळू. त्यांचा बचाव भुलाभाई देसाई यांनी केला. जन्मठेपेची शिक्षा झाली. पण लोकक्षोभ पाहून सरसेनापती ऑकिनलेक यांनी जानेवारी 1946 मध्ये ती माफ केली. बडतर्फी मात्र कायम राहिली, आणि थकलेला पगार व भत्ते जप्तच झाले. सत्तांतर झाले तरी आझाद हिंद सेनेच्या शिपायांना सैन्यात परत घेतले गेले नाही. 1972 मध्ये स्वातंत्र्यसैनिकांच्या केंद्रीय निवृत्तिवेतनाची योजना आली, तिच्यात त्यांचा समावेश झाला. पंचवीस वर्षे! तोवर ज्या घरांनी भाकरीचा प्रश्न सोडविला असेल, तो जयघोषांवर खासच सोडविला नसेल.

आणि घाडग्यांसारखे? दिल्लीच्या इंडिया गेटवर नावे आहेत ती पहिल्या महायुद्धातल्या व अफगाण युद्धातल्या शिपायांची. 2019 साली त्याच्याच शेजारी राष्ट्रीय युद्धस्मारक उभे राहिले, त्यावर स्वातंत्र्योत्तर युद्धांत पडलेल्यांची. मधल्या महायुद्धाचा शिपाई या दोन्ही दगडांच्या फटीत राहून गेला आहे. माणगावच्या लोकांनी मात्र आपल्या तालुक्याच्या कचेरीपाशी यशवंत घाडग्यांचा पुतळा उभारला आहे. तो कोणत्या सरकारचा शिपाई होता, हे कामासाठी कचेरीत येणारा शेतकरी विचारीत नाही. तो गावचा होता एवढे त्याला पुरते.

इटलीत मोंटोने नावाचे लहानसे गाव आहे. त्या परिसरात हिंदी सैन्य जर्मनांशी लढले होते. 2023 च्या जुलैत तेथील लोकांनी घाडग्यांच्या नावाने एक स्मारक उभारले. ते आहे एक छायाघड्याळ. त्यावर लॅटिन भाषेत कोरले आहे, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.