आठ खणांचे घर

वर्गात ‘खण’ हा शब्द उच्चारला की विद्यार्थ्यांना चोळीचा खण आठवतो. घराचाही खण असतो, हे सांगावे लागते. दोन तुळयांमधला गाळा म्हणजे खण. घर फुटांत नव्हे, खणांत मोजले जाई. चांदीच्या उद्योगाने रूप पालटलेल्या आमच्या हुपरीत असे घर आता शोधावे लागते. जवळच कणेरीला सिद्धगिरी संग्रहालयात जुना गावगाडा शिल्परूपाने उभा आहे. तो पाहण्यासारखा आहेच. पण ते स्वयंपूर्ण, भरल्या हातांचे गाव आहे.

इंग्रजी अमदानीतल्या कुणब्याचे घर मला अधिक विश्वसनीयपणे जपलेले दिसते ते जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये. 1883 साली पूर्ण झालेल्या या ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणात फुले वाचकाला थेट एका झोपडीवजा कौलारू घरी नेतात. घर आठ खणी, शेजारी आढेमेढीचा गोठा, अंगणात आठ बैली जुना गाडा. आढे म्हणजे छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड, मेढ म्हणजे त्याला पेलणारा खांब. (आमचे हुपरी कोल्हापूर संस्थानात होते, फुल्यांचे हे गाव सरकारी रयतवारी मुलखातले, हा भेद विसरू नये.)

मात्र फुले केवळ बांधणी सांगत नाहीत. कोपऱ्यातल्या कणगी खंडी-सवाखंडीच्या आहेत आणि रिकाम्या आहेत. खंडी म्हणजे वीस मण. ज्याने या कणगी केल्या त्याला तेवढ्या धान्याची खात्री होती. गाडा आठ बैलांचा, आणि गोठ्यात उरले आहेत दोन-तीन, तेही उठवणीस आलेले. घराचे माप एका काळाचे, त्यातले जिणे दुसऱ्या काळाचे. मध्ये वाढीव शेतसारा आहे, सावकार आहे, 1875 चे दख्खनचे दंगे आणि 1876–78 चा दुष्काळ आहे. वास्तूची जतन केलेली प्रतिकृती आपल्याला आढे आणि मेढ दाखवील. हे अंतर दाखवणे तिला अवघड जाते.

पुण्याच्या गंज पेठेतला फुल्यांचा स्वतःचा वाडा स्मारक म्हणून जपला गेला, ते योग्यच झाले. त्या कुणब्याचे घर मात्र पानांवरच राहिले.

हे प्रकरण शिकवताना मी फळ्यावर त्या घराचा आराखडा काढतो. कणगी काढली की कुणीतरी विचारतेच, सर, भरलेली की रिकामी?