सरकारचा शास्त्रज्ञ आणि त्याची चौकशी

व्याख्यानाला विषय कोणता घेता, असे मंडळींनी विचारले तेव्हा मी म्हणालो, सरकारला सल्ला देणाऱ्या शास्त्रज्ञांविषयी बोलेन. कामगारांच्या युनियनचे काम करणाऱ्या माणसाला हे कुठून सुचले, असे एकाने हसून विचारले. त्याचे उत्तर परळमध्ये आहे. गिरण्यांच्या त्या वस्तीत हाफकिन संस्था उभी आहे. आमचे कितीतरी कामगार तिच्यावरून रोज जात येत. पण ज्याचे नाव तिला दिले आहे त्या माणसाला सरकारने एकदा कामावरून कसे दूर केले, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. त्या काळच्या कागदांतून त्यांना अडाणी म्हटले आहे. पण माणूस घरातून उचलून नेतात आणि तो परत येत नाही, एवढेच ज्याला दिसते त्याने दुसरे काय समजावे? 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि घरझडती, सक्तीचे इस्पितळ, प्रवाशांची तपासणी यांना कायद्याचे बळ मिळाले. त्यानंतर पाचच दिवसांनी नारायण मेघाजी लोखंडे वारले. 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे, 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवून देणारे लोखंडे प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता प्लेगनेच गेले. पुण्यात 10 मार्चला सावित्रीबाई फुले त्याच कामात गेल्या. 22 जूनला रँडवर गोळी झाडली गेली. हा सर्व इतिहास आपण शाळेत वाचतो. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणून तो आपल्याला थोडा परका वाटतो. पण सेलू-मानवतच्या बाजारातली कपाशी मुंबईच्या गिरण्यांशी बांधलेली होती, हे विसरू नये.

या गदारोळात, ऑक्टोबर 1896 मध्ये, वाल्डेमार हाफकिन मुंबईत आला. जन्म ओडेसाचा, 1860 चा, ज्यू, विद्या प्राणिशास्त्राची. पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत त्याने पटकीवरची लस तयार केली होती आणि 1893 पासून तो हिंदुस्थानात ती टोचीत फिरत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला जागा दिली ती एखाद्या कारकुनाला द्यावी तशी. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत लस तयार झाली. 10 जानेवारी 1897 रोजी ती त्याने पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचली. टोचून घेतलेल्यांत रोग कमी आढळला. आगाखानांनी चारचौघांसमक्ष लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. सरकार सक्तीच्या मार्गाने चालले होते आणि त्याच सरकारच्या पगारावरचा हा माणूस लस खुशीने घ्यावी याच मताचा होता. वैद्यकीय खात्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हा परका, डॉक्टरकीची पदवी नसलेला माणूस पहिल्यापासून खुपत होता. तरी 1899 मध्ये परळचे जुने सरकारी निवासस्थान त्याच्या प्रयोगशाळेला मिळाले, कारण लशीची गरज होती. गरज असेपर्यंत तज्ज्ञाचा मान राहतो, हे आमच्या कारखान्यांतल्या फिटरलाही ठाऊक असते.

मग 30 ऑक्टोबर 1902 उजाडला. पंजाबात मोठ्या प्रमाणावर टोचणी चालू होती आणि परळहून लशीच्या बाटल्या जात होत्या. मुलकोवाल नावाच्या खेड्यात त्या दिवशी 107 जणांना लस टोचली. त्यांपैकी 19 जण एकाच बाटलीतल्या लशीचे. त्या सर्वांना धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस मेले. बाटलीचा क्रमांक 53 एन.

ही एकोणीस माणसे आपल्या आजच्या विषयात केवळ पुरावा म्हणून येऊ नयेत. कुणीतरी पुढे होऊन दंड उघडा केला, विश्वासाने केला, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत प्रेत झाले. चौकशी व्हायलाच हवी होती. प्रश्न एवढाच, की ती कशी झाली.

चौकशी समितीने ठरवले की बाटली परळमध्येच दूषित झाली. हाफकिनने लस निर्जंतुक करण्याची पद्धत बदलली होती. कार्बोलिक ॲसिड न घालता उष्णतेवर भर दिला होता. ही पद्धत पाश्चर संस्थेत वापरात होती, पण बदल केला एवढे दोषारोपाला पुरले. हाफकिनचे संचालकपद गेले आणि तो इंग्लंडला गेला. समितीचे कागद सविस्तर प्रसिद्ध व्हायला चार वर्षे लागली. ते वाचल्यावर रोनाल्ड रॉससारख्यांच्या लक्षात आले की खुद्द साक्षींतच दुसरी हकीकत आहे: गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत एक्केचाळीस दिवस वाढले असते तर उघडताच घाण सुटली असती. तशी ती आली नव्हती. 29 जुलै 1907 रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र आले. सरकारने हाफकिनला पुन्हा बोलावले खरे, पण कलकत्त्याला. परळचे संचालकपद त्याला परत मिळाले नाही.

खातेनिहाय चौकश्या मी आयुष्यभर पाहिल्या. एका कारखान्यात बॉयलर फुटला तेव्हा दोष फायरमनचा ठरला. झडप महिनाभर गळत असल्याचे त्याने लिहून दिलेले कागद फाईलमध्येच होते, फक्त कुणी वाचले नव्हते. म्हणून हाफकिनची गोष्ट वाचताना मला शास्त्र फारसे परके वाटले नाही. मदतनिसाचा चिमटा काय आणि झडप काय, कागद आधीपासून असतो; तो कुणाच्या कपाटात पडतो यावर सारे अवलंबून. मात्र या गोष्टीत त्या गरीब मदतनिसाला खलनायक करण्याचीही मला घाई नाही. साहेबाला सोडवायचे म्हणून खालच्याला अडकवावे, हाही एक जुनाच रिवाज आहे.

हाफकिन पगारी होता, त्याला दूर करता आले. पगारी नसलेल्या सल्लागाराचे काय होते, तेही पाहू. मार्च 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने सह्याद्रीसाठी तज्ज्ञांची समिती नेमली. अध्यक्ष माधव गाडगीळ. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांचा विचार करण्याचे तिला मुद्दाम सांगितले होते. 31 ऑगस्ट 2011 रोजी अहवाल सादर झाला. संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर करावेत आणि अंतिम आखणी ग्रामसभांना विचारून करावी, असे त्यात होते. अहवाल मंत्रालयातच राहिला. माहितीच्या अधिकाराखाली मागणी झाली. एप्रिल 2012 मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने तो खुला करायला सांगितले. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि हरले. मे 2012 मध्ये अहवाल लोकांसमोर आला. ऑगस्टमध्ये त्याच विषयावर कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला. त्याने 2013 मध्ये घाटाच्या सुमारे 37 टक्के भागापुरता संवेदनशील पट्टा सुचवला.

दोन्ही अहवालांत कुणाचे शास्त्र सरस, हे मी सांगणार नाही. माझा तो अधिकार नाही. कोकणातल्या शेतकऱ्याची आणि खाणीतल्या मजुराची भीती मला समजते, कारण बंदी आली की पहिली रोजी त्याची जाते, आणि गाडगीळांना शिव्या देणारे सारेच काही खाणमालक नव्हते. पण पहिला अहवाल जवळजवळ नऊ महिने ज्या कपाटात होता, त्याची किल्ली त्या शेतकऱ्याजवळही नव्हती आणि मजुराजवळही. ग्रामसभांना विचारा असे त्यात लिहिले होते, आणि ग्रामसभांनी तो वाचलेलाच नव्हता.

हाफकिन 1930 मध्ये लोझानला वारला. परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव 1925 मध्येच, तो हयात असताना, देण्यात आले होते.