कुंपणाचा खिळा

मराठीत कुंपणाची बदनामीच जास्त. कुंपणच शेत खातं, सरड्याची धाव कुंपणापर्यंत... खिळ्याचंही तेच, काही खिळखिळं झालं की मगच त्याची आठवण. पण कुंपण आणि खिळा एकत्र आलेत अशी एकही म्हण मला आठवत नाही. का नसावी, याचा विचार करायला लावला पुतण्याने. तो न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला असतो. त्याने विचारलं, "काका, घराच्या कुंपणासाठी नेलगन घ्यायची आहे, कुठली घेऊ?" मी हार्डवेअरच्या दुकानात आयुष्यभर खिळे किलोवर विकले, म्हणून मला विचारलं. पण खरं सांगायचं तर आमच्या मुरगुडात कुंपणाला खिळा मारतंच कोण?

आमच्याकडे कुंपण लावायचं असतं, म्हणजे झाड लावतात तसं. वेदगंगेच्या काठच्या शेतांना शेराची, घायपाताची, नाहीतर फड्या निवडुंगाची वई असायची. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर भयंकर, म्हणून जनावर तोंड लावत नाही. घायपात काटा देतो आणि वर दोराला वाखही देतो. जिथे वई नाही तिथे बाभळीच्या फांद्या पसरायच्या. कोकणात उतरलात तर चिऱ्याचा किंवा दगडाचा गडगा. यातल्या कशालाच खिळा लागत नाही. लाकडी खांब रोवावा तर दोन-चार पावसाळ्यांत वाळवीने संपवलाच! एवढं करूनही जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं तर कोंडवाडा होता. त्याचा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला.

गंमत म्हणजे ज्याला आपण अगदी गावठी समजतो तो निवडुंग आणि घायपात, दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. निवडुंग इथे इतका माजला की शेतंच खायला लागला. कुंपणच शेत खातं ही म्हण तेव्हा शब्दशः खरी झाली असणार. मग त्याच्यावर जगणारी एक पांढरी कापसासारखी दिसणारी कीड १९२६ मध्ये सिलोनहून आणून सोडली आणि पुढच्या काही वर्षांत दख्खनेतले निवडुंगाचे फड बसले. पण त्याबरोबर पुष्कळ शेतांची वईसुद्धा गेली. त्या जागेवर मग काटेरी तार आली.

झाडांच्या कुंपणाचा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत वाईट नमुनाही आपल्याच देशातला. मिठावरचा कर चुकू नये म्हणून इंग्रजांनी सिंधू नदीपासून पार महानदीपर्यंत दोन हजार मैलांहून लांब जकातीची हद्द आखली होती. ती आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बऱ्हाणपुराजवळून जायची. तिच्यावर शेकडो मैल बाभळी, बोरी, करवंदी अन् निवडुंगाची जिवंत भिंत वाढवली होती. १८७९ मध्ये ती बंद झाली आणि लोक विसरूनही गेले. रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रज माणसाने ती शोधत फिरून २००१ मध्ये पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे आपल्याला पुन्हा कळलं.

असो. आता खिळ्याकडे येऊ.

युरोपातून अमेरिकेत गेलेल्यांना लाकूड अमाप मिळालं, पण खिळा महाग. लोहार एकेक खिळा हाताने घडवणार. व्हर्जिनियात लोक जागा सोडताना राहतं घर पेटवून द्यायचे आणि राखेतून खिळे वेचून न्यायचे! शेवटी १६४५ मध्ये कायदा करून हे बंद केलं, आणि घरात जितके खिळे असतील तितके मालकाला भरून द्यायचं ठरवलं. म्हणून त्यांची सुरुवातीची कुंपणंही बिनखिळ्याचीच, फोडलेले ओंडके नागमोडी एकावर एक रचलेले. एकोणिसाव्या शतकात खिळे यंत्रावर निघायला लागले, शतक संपता संपता तारेपासूनचे स्वस्त गोल खिळे आले. खांबाला फळी ठोकणं गरिबालाही परवडू लागलं.

तिकडच्या गवताळ मुलखात मात्र झाडंच नव्हती. तिथले शेतकरी आपल्यासारखीच काटेरी झुडपांची वई लावायचे. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं. म्हणजे काटेरी तार ही वईच्या काट्याचीच लोखंडी नक्कल. ती तार खांबाला धरून ठेवायला इंग्रजी यू अक्षरासारखा खिळा लागला. हवेच्या दाबावर चालणारी नेलगन अमेरिकेत घरबांधणीत आली ती १९५० च्या दशकात, आणि नळी-कॉम्प्रेसर नसलेली, गॅसच्या डबीवरची, १९८६ मध्ये.

आपल्याकडे तार आली, पण खांब दगडाचा, लोखंडी अँगलचा, नाहीतर सिमेंटचा. तार बाइंडिंग वायरने बांधायची, पकडीने पीळ द्यायचा, झालं. वाळलेल्या बाभळीच्या खांबात यू खिळा मारून बघा, निम्मे वाकतात. म्हणजे हत्यार कुठलं हे खांब ठरवतो. आणि खांब कसला हे ठरवतं तिथलं लाकूड आणि तिथली वाळवी.

तर पुतण्याला मी आधी विचारलं, "फळ्यांचं कुंपण की तारेचं?"

फळ्यांचं असेल तर खिळ्यांची गुंडाळी बसते ती कॉइल नेलगन बरी. खिळा फळीच्या जाडीच्या तिप्पट लांब असावा. तिकडची फळी १९ मिलिमीटरची, म्हणजे साठचा खिळा झाला. अंगावर वळ्या असलेला घ्यायचा, लाकूड वाळलं तरी सुटत नाही. आणि गरम जस्तात बुडवलेलाच घ्यायचा, कारण तिकडच्या लाकडाला किडीसाठी तांब्याचं औषध पाजलेलं असतं, ते साध्या लोखंडाला खातं. चाळीस मीटर कुंपण, दीडशे मिलिमीटरची फळी, तीन आडव्या पट्ट्या, प्रत्येक ठिकाणी दोन खिळे... सोळाशे खिळे होतात! यासाठी गन हवीच. पण एकदाच करायचं असेल तर विकत कशाला, भाड्याने आण. आणि दर खिळ्याला नाक टेकवून मगच घोडा ओढावा लागतो तसलीच घे. घोडा दाबून नुसतं टेकवत जायची सोय असते, ती हातापायांत खिळा घालते.

तारेचं असेल तर ही गन उपयोगाची नाही. यू खिळ्याची वेगळी मिळते. तीत खोली कमी-जास्त करता आली पाहिजे. कारण मधल्या खांबांवर खिळा पुरता ठोकायचा नसतो. तार आत सरकली पाहिजे, तरच तिचा ताण सगळीकडे सारखा राहतो. गच्च ठोकला तर तार चिमटते, जस्त निघतं आणि तिथेच गंजून तुटते. शिवाय खिळ्याचे दोन्ही पाय लाकडाच्या एकाच रेषेत यायला नकोत, खांब उभा चिरतो. जरा तिरका धरायचा.

एक सांगायला हवं. त्याच्या हॅमिल्टनमध्येच १९३० च्या दशकात बिल गॅलघर नावाच्या माणसाने, घोडा मोटारीला अंग घासतो म्हणून, त्याला हलका झटका बसेल अशी युक्ती केली आणि त्यातून विजेच्या कुंपणाचा मोठा कारखाना उभा राहिला. आज आमच्याकडे डुकरं आणि राधानगरीकडून येणारे गवे अडवायला झटका मशीन लावतात, ते त्याच जातीचं. त्याचा झटका क्षणभराचा, मारत नाही. काही लोक घरची वीज थेट तारेत सोडतात. त्यात माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो आपण. जपा बाबांनो.

पण पुतण्याच्या बोलण्यातली खरी कौतुकाची गोष्ट वेगळीच निघाली. तिकडे १९७८ चा कुंपणाचा कायदा आहे. दोन जमिनींमधल्या पुरेशा कुंपणाचा खर्च दोन्ही शेजाऱ्यांनी निम्मा निम्मा सोसायचा. म्हणजे खिळा मारण्याआधी शेजाऱ्याशी बोलावंच लागतं. आपल्याकडे एक जण बांध कोरतो, दुसरा मोजणी आणतो, आणि भावाभावांची कोर्टात दहा-दहा वर्षं जातात. खरं तर बोलायची रीत आपलीही होती. पैऱ्याने औत द्यायचे तसे वई घालायलाही शेजारी यायचे. माणसं जास्त होती, यंत्रं नव्हती. तिकडे माणसं कमी, म्हणून एकट्याला चालवता येईल असं यंत्र काढलं, पण निम्मा खर्च द्यायचा शेजारी कायद्याने बांधून ठेवला.

माझं पुतण्याला शेवटचं सांगणं एवढंच, गन नंतर बघ, आधी शेजाऱ्याच्या दारात जाऊन ये.

तुमच्या गावाकडे कुंपणाला काय म्हणतात, वई, वय, गडगा? आणि कशाची लावतात? जरूर कळवा.