संधिकला व कंडरा : आजारजन्य विकार

सांध्याच्या पोकळीला आतून मढवणारे पातळ अस्तर म्हणजे संधिकला. स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट दोर म्हणजे कंडरा. मनगट, बोटे आणि घोट्यात कंडरांना लांबवर सरकावे लागते, म्हणून त्यांच्याभोवती संधिकलेच्याच जातीची म्यान असते. मार, अतिश्रम किंवा वय यांमुळे नव्हे, तर शरीरातल्या दुसऱ्याच एखाद्या रोगामुळे या भागांना सूज, गाठी किंवा आखडलेपण येते तेव्हा त्या विकारांना आजारजन्य म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत यांतील काहींना ‘एम६८’ हा क्रमांक आहे. तो एकटा लिहायचा नसतो. मूळ रोगाचा क्रमांक सोबत लागतोच. हा नियम नोंदवहीपुरता न ठेवता तपासणीच्या खोलीतही पाळला, तर बरीच मनगटे वाचतील.

संधिकलेत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, आणि अन्य पुष्कळ अस्तरांखाली असते तसे आधारपटल तिच्याखाली नसते. त्यामुळे रक्तातून येणारे जंतू तिथे सहज उतरतात. सांध्याचे वंगण तीच तयार करते, म्हणून ती सुजली की पाणी साचते.

या गटातला सर्वांत फसवा विकार म्हणजे मनगटाचा क्षय. तळहाताकडच्या कंडरांच्या म्यानेत क्षयजंतू शिरले की सूज मनगटावरच्या आडव्या पट्ट्याखालून दोन्हीकडे पसरते : एक फुगवटा तळहातावर, दुसरा मनगटाच्या वर. एक दाबला की दुसऱ्यात लाट जाणवते. दुखणे थोडेच असते. ताप बहुधा नसतो, छातीचा एक्स-रेही स्वच्छ येऊ शकतो. मग धुणे-भांडी, खुरपणी, धार काढणे यांवर दोष जातो आणि महिने निघून जातात. पट्ट्याखालची नस दाबली गेली की अंगठ्याकडच्या बोटांना मुंग्या येतात. शस्त्रक्रियेत म्यान उघडली की आतून तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे, गुळगुळीत कण बाहेर पडतात. ते मुख्यतः फायब्रिन या प्रथिनाचे असतात. आमवातातही ते सापडतात, त्यामुळे कण्या दिसल्या म्हणजे क्षय सिद्ध झाला असे नाही; मात्र क्षय पुष्कळ असलेल्या आपल्या देशात आधी त्याचीच शंका घ्यावी. अशा सुजेत स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर काही दिवस आराम पडतो आणि आतला जंतू फोफावतो. क्षयाची औषधे अनेक महिने घ्यावी लागतात. कंडरा तुटायच्या आत ती सुरू झाली, तर हात पुन्हा कामाला लागू शकतो.

परम्यात, म्हणजे गोनोरियात, जंतू रक्तात पसरले की मनगट, बोटे वा घोट्याच्या कंडरा अचानक सुजतात, सांधे एकामागून एक दुखतात आणि त्वचेवर थोड्या पुळ्या उठतात. लाजेपोटी रुग्ण मूळ तक्रार सांगत नाही. ती विचारणे हे डॉक्टरचेच काम आहे. जन्मजात उपदंशात वाढत्या वयातल्या मुलांचे दोन्ही गुडघे न दुखता सुजतात. हे वर्णन लंडनचे शल्यविशारद क्लटन यांनी १८८६ मध्ये केले.

चिकुनगुन्या महाराष्ट्राला जुना परिचित आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली होती. नंतर तो जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये राज्यभर परतला. ताप आठवड्यात उतरला तरी मनगट-घोट्याच्या म्यानांची सूज काहींना महिनोन्‌महिने सोडत नाही. सकाळी मूठ वळत नाही, जमिनीवर पाय टेकवत नाही. हे दुखणे मनाचे नाही, हे घरच्यांनीही समजून घ्यावे.

मधुमेहात जादा साखर कंडरांमधल्या कोलॅजन या प्रथिनाला चिकटते आणि ते ताठर होते. दोन्ही हात नमस्कारासाठी जोडले तरी बोटांमध्ये फट राहते, ही त्याची सोपी खूण. बोट वाकून अडकणे आणि ‘टक’ करून सुटणे, खांदा आखडणे हेही मधुमेहींत अधिक आढळते. कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉलात टाचेमागची कंडरा जाड, गाठाळ होते. ती सहसा दुखत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही. पण तिच्यामुळे ऐन उमेदीतला हृदयविकार आधीच ओळखता येतो आणि भावंडांचीही तपासणी करता येते. गाऊटमध्ये युरेटचे सुईसारखे स्फटिक साचतात. हिमोफिलियात वारंवारच्या रक्तस्रावातले लोह संधिकलेत मुरते. जाडावलेली संधिकला पुन्हा रक्तस्राव घडवते आणि मुलाचा गुडघा शाळकरी वयातच झिजू लागतो.

निदानात रक्ततपासणी आणि सोनोग्राफीचा उपयोग होतो, पण खरे उत्तर बहुधा सुजेतल्या पाण्यात किंवा तुकड्यात मिळते. स्फटिक ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात दिसतात. क्षयाचा संशय असेल तर तुकड्याचे दोन भाग करावे लागतात : एक फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकासाठी, दुसरा साध्या सलाइनमध्ये, जंतू वाढवून पाहण्यासाठी. सगळाच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडला तर जंतू मरतात, आणि कोणते औषध त्यांच्यावर चालेल हे त्या तुकड्यातून वाढवून पाहता येत नाही.