छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील रोजगार साहाय्य

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील रोजगार साहाय्य म्हणजे बेरोजगार व्यक्तींना कामासाठी तयार करणे, काम शोधण्यास मदत करणे आणि मिळालेले काम टिकावे यासाठी आधार देणे या उद्देशांनी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात चालणाऱ्या सेवांचा समूह होय. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र हे या सेवांचे प्रमुख शासकीय कार्यालय आहे. पूर्वी ते सेवायोजन कार्यालय किंवा बोलीभाषेत 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज' या नावाने ओळखले जाई. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, शिकाऊ उमेदवारी योजना, रोजगार मेळावे, स्वयंरोजगाराच्या योजना आणि कामगार विमा यांचाही या सेवांत समावेश होतो.

पार्श्वभूमी

मराठवाडा इ.स. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. उच्च शिक्षण व आधुनिक उद्योग येथे उशिरा पोहोचले. मराठवाडा विद्यापीठाची (सध्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) स्थापना १९५८ मध्ये झाली. त्यानंतर पदवीधरांची संख्या वाढली, परंतु त्या प्रमाणात नोकऱ्या निर्माण झाल्या नाहीत. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात शिक्षित तरुणांच्या रोजगाराचा प्रश्न ठळकपणे पुढे आला.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्यानंतर शहरालगत चिकलठाणा आणि पुढे वाळूज व शेंद्रा येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे तयार झाले. अलीकडच्या काळात शेंद्रा व बिडकीन येथे 'ऑरिक' ही औद्योगिक नगरी विकसित होत आहे. या वाढीमुळे रोजगार साहाय्याच्या कामाचे स्वरूप बदलले. पूर्वी सरकारी नोकरीसाठी नावनोंदणी करणे हे त्याचे मुख्य अंग होते. नंतर कारखान्यांना लागणारे कौशल्य व उपलब्ध मनुष्यबळ यांची सांगड घालणे हे काम अधिक महत्त्वाचे ठरले.

सेवायोजन कार्यालयांचा उगम

भारतातील सेवायोजन कार्यालये दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये सुरू झाली. सैन्यातून मुक्त झालेल्या सैनिकांना व युद्धकालीन कामगारांना नागरी जीवनात काम मिळवून देणे हा त्यांचा मूळ हेतू होता. स्वातंत्र्यानंतर ती सर्व नागरिकांसाठी खुली झाली. शिवराव समितीच्या शिफारशींनुसार १ नोव्हेंबर १९५६ पासून त्यांचे दैनंदिन प्रशासन राज्यांकडे सोपवण्यात आले. राज्य पुनर्रचनेनुसार मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला तोही याच दिवशी.

कायदेशीर चौकट

सेवायोजन कार्यालये (रिक्त पदांची सक्तीची अधिसूचना) अधिनियम, १९५९ या कायद्याने सार्वजनिक क्षेत्रातील आस्थापनांवर तसेच २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांवर रिक्त पदे कळवण्याचे बंधन घातले. शेतमजुरी, घरकाम, अकुशल कार्यालयीन काम आणि तीन महिन्यांहून कमी मुदतीची पदे यांतून वगळण्यात आली होती.

या कायद्याबाबत एक गैरसमज दीर्घकाळ प्रचलित राहिला. पद कळवणे सक्तीचे असले, तरी कार्यालयाने पाठवलेल्या उमेदवारांतूनच निवड करणे मालकावर बंधनकारक नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये एन. हरगोपाल खटल्यात हे स्पष्ट केले. १९९६ मधील के.बी.एन. विश्वेश्वर राव खटल्यात न्यायालयाने सांगितले की, कार्यालयाकडून नावे मागवण्याबरोबरच वर्तमानपत्रांतून जाहिरात द्यावी व थेट अर्ज करणाऱ्यांचाही विचार व्हावा. त्यानंतर नोंदणी क्रमांकाच्या ज्येष्ठतेवर 'कॉल' येण्याची वाट पाहण्याची पद्धत मागे पडली आणि खुल्या जाहिराती व स्पर्धा परीक्षांचे महत्त्व वाढले.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने १९५९ च्या कायद्याची जागा घेतली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तीत सेवायोजन कार्यालयाऐवजी 'करिअर केंद्र' ही संज्ञा वापरली असून २० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनांना रिक्त पदे कळवण्याच्या तरतुदींतून वगळले आहे.

कामाची तयारी

औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय) फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांसारख्या व्यवसायांचे प्रशिक्षण देतात. याखेरीज शहरात काही विशेष संस्था आहेत. चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील इंडो-जर्मन टूल रूममध्ये साचे व हत्यारे बनवण्याचे, तर केंद्र सरकारच्या 'सिपेट' या संस्थेत प्लास्टिक तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण मिळते. विद्यापीठ परिसरातील 'नाइलिट' ही संस्था इलेक्ट्रॉनिक्स व संगणकविषयक अभ्यासक्रम चालवते.

शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ नुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे आवश्यक आहे. उमेदवाराला विद्यावेतन मिळते; मात्र कराराच्या मुदतीत तो कामगार नव्हे, तर प्रशिक्षणार्थी मानला जातो. करारात तशी अट नसल्यास मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते.

राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. १८ ते ३५ वयोगटातील उमेदवारांना शासकीय कार्यालये व खाजगी आस्थापनांत प्रत्यक्ष कामाचा अनुभव देणे हा तिचा उद्देश आहे. बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,००० रुपये, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० रुपये आणि पदवीधर व पदव्युत्तरांना १०,००० रुपये विद्यावेतन थेट बँक खात्यात जमा होते. सुरुवातीला सहा महिने असलेला कालावधी पुढे अकरा महिने करण्यात आला.

कामाचा शोध

जिल्हा केंद्रातील नोंदणी आता 'महास्वयम्' या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर होते. उमेदवार शैक्षणिक पात्रता, कौशल्ये व अनुभव नोंदवतो. आस्थापना रिक्त पदे नोंदवतात. केंद्र सरकारची 'राष्ट्रीय करिअर सेवा' ही अशीच सेवा जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. शासकीय नोंदणी नि:शुल्क असते. नोंदणी म्हणजे नोकरीची हमी नव्हे. पत्ता, दूरध्वनी क्रमांक व नव्याने मिळवलेली पात्रता वेळोवेळी अद्ययावत न केल्यास उमेदवारापर्यंत संधीची माहिती पोहोचत नाही.

पंडित दीनदयाल उपाध्याय रोजगार मेळाव्यांत उद्योगांचे प्रतिनिधी व उमेदवार एकाच ठिकाणी भेटतात आणि प्राथमिक मुलाखती तेथेच होतात. मेळाव्यातील प्राथमिक निवड ही अंतिम नेमणूक नसते; त्यानंतर कागदपत्रांची पडताळणी, वैद्यकीय तपासणी किंवा दुसरी मुलाखत होऊ शकते.

स्वयंरोजगार

महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगर येथे आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था राज्यभर उद्योजकता प्रशिक्षण देते व 'उद्योजक' हे मासिक प्रकाशित करते. २०१९ मध्ये सुरू झालेला मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम जिल्हा उद्योग केंद्रामार्फत राबवला जातो. त्यात प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते व उर्वरित रकमेचा मोठा भाग बँक कर्जातून उभा राहतो.

काम टिकवणे व काम गेल्यानंतरचे साहाय्य

नोकरी लागल्यानंतरचा आधार प्रामुख्याने कामगार कायदे व विमा योजना यांतून मिळतो. नेमणूक पत्र, वेतनचिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाची (ईएसआय) नोंदणी ही सेवेचा पुरावा ठरणारी कागदपत्रे आहेत. कंत्राटदार बदलल्यास किंवा कारखाना बंद पडल्यास थकीत रकमेचा व सेवेच्या कालावधीचा दावा यांवरच अवलंबून असतो.

मोठा कारखाना अडचणीत आल्यास त्याचा परिणाम परिसरातील पुरवठादार उद्योगांवर व गावांवरही होतो. चितेगाव येथे मोठा कारखाना असलेल्या व्हिडिओकॉन कंपनीविरुद्ध २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. काम गमावलेल्या विमाधारक कामगारांसाठी ईएसआयच्या दोन योजना आहेत. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ मध्ये सुरू झाली. कारखाना बंद पडणे, कामगार कपात किंवा कामाबाहेरील कारणाने आलेले कायमचे अपंगत्व यांमुळे रोजगार गेलेल्यांना, अटींच्या अधीन राहून, ती कमाल २४ महिने भत्ता देते. २०१८ ची अटल विमित व्यक्ती कल्याण योजना कमाल ९० दिवसांसाठी साहाय्य देते. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये कपात झालेल्या कामगाराला १५ दिवसांच्या अखेरच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून देण्याची तरतूद आहे.

ग्रामीण भागातील रोजगार हमी

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर विस्तारली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढाला काम देण्याचे दायित्व तिने शासनावर टाकले. सेवायोजन व रोजगार हमी यांतील मूलभूत फरक येथे दिसतो : पहिली सेवा इतरांकडील कामाची माहिती देते, तर दुसरी स्वतः काम उपलब्ध करून देते.

मर्यादा व टीका

रोजगार साहाय्याच्या मोजमापाविषयी सातत्याने टीका होते. नोंदणी केलेले, प्रशिक्षण घेतलेले किंवा मेळाव्यात निवडलेले उमेदवार यांची संख्या सहज मोजता येते. त्यांपैकी किती जण सहा महिन्यांनी किंवा वर्षभराने त्याच कामावर आहेत, याचा पाठपुरावा अधिक कठीण असतो. नोंदणी यादीत आधीच नोकरीत असलेल्या व्यक्तीही असू शकतात आणि अनेक बेरोजगार नोंदणीच करत नाहीत. त्यामुळे ही यादी बेरोजगारीचे अचूक माप मानली जात नाही.

वाळूज व चिकलठाणा येथील अनेक कामे कंत्राटी स्वरूपाची आहेत. ग्रामीण तालुक्यांतून येणाऱ्या तरुणांना प्रवास किंवा खोलीभाड्याचा खर्च पहिल्या वेतनाआधीच करावा लागतो, तर महिलांसाठी पाळीची वेळ व सुरक्षित वाहतूक हे निर्णायक प्रश्न ठरतात. युवा कार्य प्रशिक्षण योजनेतील प्रशिक्षणार्थींनी मुदत संपल्यावर कायम नेमणुकीची मागणी केली. प्रशिक्षण आणि नोकरी यांच्यातील दुवा अपुरा असल्याचे या मागणीतून पुन्हा समोर आले.

हेही पहा

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ
रोजगार हमी योजना
औद्योगिक प्रशिक्षण संस्था
मराठवाडा विकास आंदोलन