वाजणारा टॅपेट

कांदिवलीच्या आकुर्ली रोडवरचा महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना सगळ्यांना माहीत आहे. त्याची सुरुवात १९६३ ची, महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीतली. तिथल्या फिटरला टॅपेट म्हणजे काय हे कुणी समजवायची गरज नव्हती.

गंमत म्हणजे त्या काळी त्याच फिटरच्या दारातल्या गाडीला बहुधा टॅपेट नसायचेच! भांडुपला बनणारी लॅम्ब्रेटा, राजदूत, जावा... सगळ्या टू-स्ट्रोक. व्हॉल्व्हच नाहीत, तर फट कुठली? बुलेट हा अपवाद. घरच्या घरी दुरुस्ती म्हणजे प्लग घासणे आणि कार्बन काढणे.

मग १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० आली, २००१ मध्ये पल्सर. फोर-स्ट्रोक घरोघरी पोचली, टॅपेटचं ज्ञान मात्र मेकॅनिककडेच राहिलं. आपण फक्त म्हणायचो, "आवाज येतोय, टाइट करून द्या."

इथेच घोळ आहे. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो, त्यासाठीच फट ठेवलेली असते. ती जास्त असेल तर टकटक होते. फटच नसेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, गरम वायू निसटतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. तेही अगदी गुपचूप!

म्हणून रविवारी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून फीलर गेज घाला. आकडा मॅन्युअलमधला घ्या, कानाचा नाही. थोडा वाजणारा टॅपेट परवडतो, गप्प बसलेला नाही.